‘आत्ता नको’ म्हणणारे शिक्षक

“तुझ्या ओळखीत कुणी चांगले योगशिक्षक आहेत का गं?” हा प्रश्न मला वरचेवर येतो. जूनमध्ये जरा जास्तच. 21 तारीख जवळ आली की अख्ख्या शहराला सतरंज्या अंथरायची हुक्की येते, वर्तमानपत्रांत पुढाऱ्यांचे वृक्षासनातले फोटो झळकतात आणि लग्नकार्यात भेटलेली लांबची नणंदसुद्धा हात धरून बाजूला घेते. मी उलट विचारते, कशासाठी हवेत? गुडघे, बीपी, वजन, झोप असं काही उत्तर आलं की काम सोपं. मी ठाण्यात राहते. इथे योगवर्गांचा दुष्काळ कधीच नव्हता. हठयोगी निकम गुरुजींचं अंबिका योग कुटीर आहे, घंटाळी मित्र मंडळ आहे, शिवाय दर दुसऱ्या सोसायटीच्या गच्चीवर सकाळी सहाला कुणी ना कुणी काकू “श्वास घ्या, सावकाश सोडा” म्हणत असतात. जो वर्ग घराजवळ तो चांगला, फक्त दांड्या मारू नका, एवढं सांगून मी मोकळी होते.

पण एखादी जण उत्तर द्यायला वेळ लावते. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, हे बघते आणि मग म्हणते, “व्यायाम म्हणून नाही गं. साधना म्हणून करायचंय.” आपल्याकडे हे वाक्य मोठ्याने बोलायची सोय नाही. घरातलं कुणीतरी लगेच विचारतं, “म्हणजे आता हिमालयात जाणार का? डबा कोण करणार?” त्यामुळे ज्यांना खरोखर करायचं असतं ते हे चोरून बोलतात, आणि चोरून शोधणाऱ्या माणसाला फसवणं सगळ्यात सोपं असतं. अशा वेळी मी पटकन नाव सांगत नाही. आधी चहा मागवते.

पहिला मोह प्रमाणपत्र बघायचा असतो. 200 तासांचा कोर्स हा आता जगभरचा शिरस्ता झालाय. अमेरिकेतल्या योगा अलायन्स या संस्थेने तो रूढ केला आणि ऋषिकेशपासून गोव्यापर्यंत सगळ्यांनी उचलला. बऱ्याच ठिकाणी तो महिन्याच्या आत उरकतात. हिशेब सरळ आहे, पंचवीस दिवस रोज आठ तास. सकाळी आसनं, दुपारी शरीररचना, संध्याकाळी तत्त्वज्ञान आणि शेवटच्या दिवशी नदीकाठी फोटो. आपल्याकडे आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतलं योग सर्टिफिकेशन बोर्डही आहे. तिथे लेखी आणि प्रात्यक्षिक अशी रीतसर परीक्षा होते. या कागदांना मी नावं ठेवणार नाही. कागद असलेल्या माणसाला निदान इतकं कळतं, की मानेचं दुखणं असलेल्याला शीर्षासनात उभं करायचं नसतं आणि काचबिंदू असलेल्याला डोकं खाली जाणारी आसनं द्यायची नसतात. हे काही थोडंथोडकं नाही.

मात्र हा माणूस कुणी बघत नसताना स्वतः रोज बसतो का, ते कागदावर लिहिलेलं नसतं. पतंजलींनी अभ्यासाला तीन अटी घातल्या. तो पुष्कळ काळ झाला पाहिजे, त्यात खंड पडता कामा नये आणि तो आदराने केलेला असला पाहिजे. यातली एकही अट तासांत मोजता येत नाही. हठयोगप्रदीपिका लिहिणारे स्वात्माराम तर स्पष्टच म्हणतात, ‘न वेषधारणं सिद्धेः कारणं न च तत्कथा’. वेष चढवून सिद्धी मिळत नाही, योगाच्या गप्पा मारून तर नाहीच. पंधराव्या शतकात हे मुद्दाम लिहावंसं वाटलं, म्हणजे वेष चढवून गप्पा मारणारे तेव्हाही गल्लोगल्ली असणार.

समर्थ तर याहून रोखठोक. दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षण सांगायला घेतलंय आणि सुरुवात कुणाला सद्गुरू म्हणू नये इथपासून! करामती दाखवणारे, चेटकं करणारे, सभा मोहून टाकणारे, सगळ्यांची एकेक करून हजेरी घेतली आहे. मग ती प्रसिद्ध ओवी येते:

शिष्यास न लविती साधन । न करविती इंद्रियें दमन ।
ऐसे गुरु आडक्याचे तीन । मिळाले तरी त्यजावे ॥

आडका म्हणजे तेव्हाचं अगदी क्षुल्लक नाणं. त्या भावात एकावर दोन फुकट मिळाले तरी घेऊ नका, असा हा सल्ला. सवलतीच्या जाहिराती बघत वाढलेल्या आपल्या पिढीला तो लगेच समजायला हरकत नाही. मला यातला ‘साधन लावणं’ हा निकष फार व्यवहारी वाटतो. त्यात गुरूचं तेज, वाणी, शिष्यांची संख्या यांचा काही संबंध नाही. तुमच्याकडून रोज काय करून घेतात, एवढंच विचारलंय. एखाद्या ठिकाणी वर्षभर जाऊनही घरी बसून करायचं असं काहीच तुमच्या हातात पडलं नसेल, नुसती प्रवचनं, सोहळे आणि सेवेच्या पाळ्याच वाट्याला आल्या असतील, तर समर्थांच्या भाषेत तो सौदा आडक्याचाच.

माझ्या बाई मला अशाच ऐकीव माहितीवरून मिळाल्या. सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणत. शाळेतून निवृत्त झालेल्या, नौपाड्यात जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. बाहेर पाटी नव्हती. पुढच्या खोलीतला सोफा भिंतीला उभा लावून जेवढी जागा होई, तेवढ्यात पाच जणी मावत. सहावी आली तर तिला “थांब, कुणीतरी गळेलच” असं सांगत. मी गेले ती भरपूर वाचून गेले होते. कुंभक म्हणजे श्वास कोंडून धरणं, बंध, नाड्या सगळं तोंडपाठ. मी आपली तयारी दाखवत होते, त्यांनी मध्येच विचारलं, “पोट साफ होतं का रोज?” मग झोप किती, पाळी नियमित आहे का, लोकल कितीची पकडतेस, रात्रीचं जेवण किती वाजता, घरात आजारी कोण आहे. अर्धा तास नुसती चौकशी. शेवटी म्हणाल्या, “उताणी झोप. श्वास बघ. काही करू नकोस.”

बरेच आठवडे माझ्या वाट्याला एवढंच आलं. चार-सहा आसनं आणि श्वास बघणं. मी कुंभकाचं विचारलं की उत्तर ठरलेलं, “आत्ता नको.” पूरक, कुंभक, रेचक म्हणजे श्वास घेणं, कोंडणं, सोडणं, यांचं 1:4:2 हे प्रमाण मी वाचलं होतं, ते मला करून बघायचं होतं. बाईंनी त्यातला कुंभक काढून टाकला आणि 1:2 वर आणलं. चार मोजत घ्यायचा, आठ मोजत सोडायचा, बस. त्या समोर बसत, आणि बघत काय, तर माझे खांदे आणि माझा बाहेर जाणारा श्वास. श्वास घेताना खांदे उचलले गेले तर पेन्सिलीने हलकेच टोचायच्या. रेचक शेवटपर्यंत एकसारखा गेला पाहिजे. सातव्या-आठव्या अंकाला तो फस्सकन निसटला तर समजायचं, की आधी घेतलेलं झेपलेलं नाही. “श्वास कोंडणं कुणालाही जमतं गं,” त्या म्हणायच्या. “कोंडल्यावर तो शांतपणे सोडता येतोय का, तिथे कळतं.” नंतर हठयोगप्रदीपिकेत ते वचन भेटलं. सिंह, हत्ती, वाघ हे जसे हळूहळू वश होतात तसाच प्राण वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. बाईंनी हा श्लोक मला कधी ऐकवला नव्हता. पेन्सिल होती.

साध्या साध्या गोष्टींत त्या फार काटेकोर. जलनेती झाली, की पुढे वाकून, मान दोन्हीकडे वळवून नाकातलं पाणी पूर्ण काढल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत. पाळीच्या दिवसांत कपालभाती आणि पोट आत ओढून धरायचं उड्डियान बंद म्हणजे बंद. हे मला तोवर एकाही व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी जे मिळालं ते बाहेरून बघणाऱ्याला काहीच वाटलं नसतं. पण मला वाटतं, खऱ्या शिक्षकाची पहिली खूण हीच. तो तुम्हाला काय देतो यापेक्षा काय रोखून धरतो ते बघावं. रोखून धरायला माणसाला दोन गोष्टी लागतात. पुढे काय आहे ते स्वतः केलेलं असावं लागतं, आणि तुम्ही नाराज होऊन निघून जाल ही भीती नसावी लागते. ज्याचा वर्ग तुमच्या खुशीवर चालतो त्याला “आत्ता नको” म्हणणं परवडत नाही.

याच्या अगदी उलट अनुभव माझ्या ऑफिसातल्या एकीचा. शहराबाहेरच्या एका रिसॉर्टवर शनिवार-रविवारचं शिबिर होतं. जाहिरातीत कुंडलिनी जागृतीचं आश्वासन. दोन दिवस जोरजोरात श्वासोच्छ्वास, ढोल, अंधार. तिला रडू कोसळलं, हातापायांना मुंग्या आल्या, बोटं आखडली. तिला सांगितलं, शक्ती उठली. भराभर आणि खोल श्वास घेत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मुंग्या येतात, बोटं वळतात, हे कुठल्याही डॉक्टरने पाच मिनिटांत सांगितलं असतं. परत आल्यावर तिची झोप उडाली. छातीत धडधड सुरू झाली. फोन केला तर उत्तर आलं, “समर्पण कमी पडतंय, पुढची पायरी करून टाका.” पुढच्या पायरीची फी अर्थातच दुप्पट होती. बरं झालं तर गुरूंची कृपा, बिघडलं तर शिष्याचं समर्पण अपुरं. या वहीत तोटा कधी गुरूंच्या खात्यावर पडतच नाही! मी तिला बाईंकडे नेलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, तिला सगळा प्राणायाम बंद करायला सांगितला आणि म्हणाल्या, “आधी डॉक्टरकडे जा. बरी झालीस की ये, नाही आलीस तरी चालेल.”

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन आहे. कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून निजावं तशी ती, असं माउली सांगतात. नाथपंथाची ही गोष्ट मराठीत इतक्या उघडपणे आली, याचा आपल्याला अभिमान असतो. पण तिथेही आधी जागा, आसन, आहार, झोप यांचीच बैजवार तयारी सांगितलेली आहे. रिसॉर्टवाले तेवढा भाग गाळतात.

आता थोडं लांबचं सांगते, कारण गुरू शोधणाऱ्यांना मी नेहमी ही गोष्ट ऐकवते. बडोद्याच्या बाजूला नर्मदेकाठी मालसर नावाचं गाव आहे. तिथे परमहंस माधवदासजी राहत. मूळचे बंगालचे, देशभर हिंडून तिथे स्थिरावलेले. त्यांच्याकडे दोन तरुण शिकले. एक मणिभाई देसाई, मुंबईला कॉलेजात शिकणारा. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, वयाने पस्तिशीच्या आसपासचे, खानदेशात अंमळनेरला शिक्षणसंस्थेत काम केलेले, त्याआधी बडोद्यात प्रा. माणिकरावांच्या आखाड्यात घाम गाळलेले. मणिभाई पुढे योगेंद्रजी झाले. 1918 च्या नाताळात वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या घरात, त्यांनी ‘द योगा इन्स्टिट्यूट’ सुरू केलं. आज ते सांताक्रूझला आहे. त्यांनी संन्यास घेतला नाही. लग्न केलं, संसार केला, आणि योग संसारी माणसाचाच आहे असं आयुष्यभर सांगत राहिले. गुणे म्हणजे स्वामी कुवलयानंद. त्यांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही.

कुवलयानंदांना माधवदासजींचा सहवास किती मिळाला? जेमतेम दोन-अडीच वर्षं. 1921 साली माधवदासजी गेले. या शिष्याने काय केलं? गुरूंचा फोटो लावून आरती सुरू केली नाही. गुरूंकडे शिकलेली नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, आणि उड्डियान घेऊन ते बडोद्याच्या इस्पितळात गेले, एक्स-रे काढून घेतले, आतला दाब मोजला. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून बस्तीच्या, म्हणजे पाण्याने आतडं धुण्याच्या वेळी पाणी आपोआप वर ओढलं जातं, हे त्यांनी मोजमापाने दाखवून दिलं. त्या कमी झालेल्या दाबाला नाव दिलं ‘माधवदास व्हॅक्यूम’. मला ही गुरुदक्षिणा सगळ्यात उंची वाटते. गुरूने जे शिकवलं ते शंभर टक्के खरं मानून करायचं आणि त्याच वेळी ते तपासूनही बघायचं, यात त्यांना विसंगती दिसली नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवायचे तीन मार्ग दिलेत, प्रणिपात म्हणजे नमस्कार, परिप्रश्न म्हणजे प्रश्न विचारणं, आणि सेवा. आपल्याकडच्या बऱ्याच मठांत पहिल्या आणि तिसऱ्याची चोख व्यवस्था असते. मधल्यासाठी काउंटरच नसतो.

त्याच एका गुरूचे हे दोन शिष्य, एक प्रयोगशाळेत गेला आणि एक घरात. दोघांनाही कुणी परंपरेबाहेर काढलं नाही. म्हणून कुणी “आमचीच पद्धत मूळची, बाकी सगळी भेसळ” असं सांगायला लागलं, की मला मालसर आठवतं आणि मी चप्पल शोधायला लागते.

परंपरा म्हणजे प्रत्यक्ष सहवासाची वर्षं, असंही काही नाही. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्याला आले ते अठरा वर्षांचे असताना, काही महिन्यांसाठी म्हणून. त्याआधी म्हैसूरला आपले मेव्हणे आणि गुरू कृष्णमाचार्यांकडे त्यांनी काढलेला काळ दोन-तीन वर्षांचा. डेक्कनवर ज्यांना शिकवायचं ती मुलं त्यांच्यापेक्षा धट्टीकट्टी, भाषा परकी, जवळ पैसा नाही. बाकीचं सगळं त्यांनी स्वतःच्या अंगावर करून करून मिळवलं, आणि पंच्याण्णवाव्या वर्षी जाईपर्यंत त्यांचा स्वतःचा अभ्यास सुटला नाही. मॉडेल कॉलनीतल्या त्यांच्या संस्थेत जगभरातून माणसं येतात. माझी भाची फ्रँकफर्टला असते. तिथे तिला एक जर्मन शिक्षिका मिळाली, वर्षानुवर्षं पुण्याला येऊन शिकलेली. भाचीला मेली लाज वाटत होती, “मावशी, मी सदाशिव पेठेतली, आणि ताडासन जर्मन बाईकडून शिकू?” मी म्हटलं, बेलाशक शिक. टाचा कुठे टेकायच्या ते तिला ठाऊक आहे, तुला नाही.

शास्त्रीय गाण्यात आपण हे सगळं सहज मान्य करतो. गुरू वर्षभर एकच राग घोटून घेतात, दुसरीकडे गाऊ नकोस म्हणतात, चार लोकांत चूक काढतात, आणि आपण त्याला तालीम म्हणतो. त्याच वेळी गुरूंचा स्वभाव तापट आहे, ते पैशाला चिकट आहेत, हेही आपल्याला माहीत असतं. गाण्याचा गुरू माणूस असलेला चालतो. योगाचा मात्र देवच पाहिजे! इथेच घोळ होतो. आसन-प्राणायाम शिकवणाऱ्याकडून मोक्षाची अपेक्षा ठेवली, की एक तर आपण निराश होऊन बाहेर पडतो, नाहीतर तो बिचारा हळूहळू देवासारखा बोलायला लागतो. शक्तिपाताची, म्हणजे गुरूने शिष्यातली शक्ती जागवण्याची दीक्षा देणाऱ्या परंपरा वेगळ्या. पुण्यात गुळवणी महाराजांच्या वासुदेव निवासात ती परंपरा आहे, तिथे जाणाऱ्याची ओढ वेगळी आणि त्याने विचारायचे प्रश्नही वेगळे. एकीकडची पट्टी दुसरीकडे लावू नये. रोजच्या साधनेसाठी ज्याचा शोध घ्यायचा तो आधी वस्ताद असावा, एवढंच माझं म्हणणं. समर्थांनी गुरूंचे प्रकार सांगताना वस्तादगुरूचंही नाव घेतलं आहे. त्याला ते मोक्ष देणारा म्हणत नाहीत, पण सुरुवात करायला मला तोच बरा वाटतो.

फीबद्दल आपल्याकडे उगाच सोवळं पाळतात. नागपूरला जनार्दनस्वामींचं योगाभ्यासी मंडळ आजही विनामूल्य शिकवतं. स्वामी स्वतः म्हातारपणी घरोघर जाऊन शिकवत, आणि त्यांनी तयार केलेल्या माणसांनी ते पुढे चालवलं. हे थोर आहे. पण म्हणून जो पैसे घेतो तो भोंदू, असं होत नाही. जागेचं भाडं त्यालाही पडतं. माझ्या बाई महिन्याला किरकोळ रक्कम घेत आणि ती उशिरा दिलेली त्यांना अजिबात चालत नसे. फी किती यापेक्षा ती वाढते कशी ते बघावं. गुपित वाढेल तशी रक्कम वाढत असेल, पहिली पायरी हजाराची, दुसरी दहा हजारांची, आणि तिसरीत काय आहे ते सांगायचं नाही अशी शपथ, तर ते योगाच्या नावाखाली चाललेलं दुसरंच काही आहे.

आणि बायकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. शिक्षकाने आसन सुधारताना हात लावण्याआधी विचारलं पाहिजे, आणि ‘नको’ म्हटल्यावर त्याचा चेहरा पडता कामा नये. एकटीला बोलावून दिली जाणारी दीक्षा, घरच्यांना सांगू नकोस अशी अट, मित्रमैत्रिणींपासून हळूहळू तोडणं, यातलं एकही दिसलं तर कारण शोधत बसू नका. गेल्या काही वर्षांत जगातल्या कितीतरी नावाजलेल्या योगपरंपरांमधून शिष्यांच्या तक्रारी बाहेर आल्या. ऑस्ट्रेलियात तर 2014 साली सरकारी रॉयल कमिशनसमोर एका योगाश्रमात वाढलेल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांची सुनावणी झाली. तिथे राहणारी मोठी माणसं काही मूर्ख नव्हती. गुरूंवर शंका घेणं म्हणजे अधःपात, हे त्यांच्या मनावर पक्कं बिंबवलं गेलं होतं. ज्या वर्गातून कधीही, कारण न सांगता, शाप न घेता निघून जाता येतं तोच वर्ग राहण्यालायक. हे मी माझ्या मुलीलाही सांगितलंय.

शिष्याबद्दलही बोलायला हवं, पण थोडक्यात, कारण तो विषय आपल्याला आवडत नाही. दासबोधात गुरुलक्षणांच्या पाठोपाठच शिष्यलक्षणांचा समास येतो, तो किती जण वाचतात? गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन सगळ्यांची डोकी तपासली तेव्हा कच्चं मडकं निघाले ते नामदेव, साक्षात पांडुरंगाशी बोलणारे. त्यांना पाठवलं विसोबा खेचरांकडे, औंढ्या नागनाथाला. हे विसोबा एके काळी ज्ञानदेवादी भावंडांची टवाळी करणारे, असं सांगतात. म्हणजे नामदेवांनी गुरूची कुंडली मागितली असती तर प्रकरण तिथेच संपलं असतं. मला अशी कितीतरी माणसं माहीत आहेत, ज्यांचा गुरुशोध हाच छंद झाला आहे. दर सुट्टीत नवा आश्रम, नवी माळ, नवा ग्रुप. प्रत्येक ठिकाणच्या गुरूंचे दोष त्यांना अचूक दिसतात, आणि ते दोष खरेही असतात. फक्त सकाळी पाच वाजता सतरंजी कुणी अंथरलेली नसते. स्वात्मारामांनी योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत. त्यात अतिखाणं आहे, अतिश्रम आहेत, बडबड आहे, नको इतकी माणसांची गर्दी आहे, मनाची चंचलता आहे, आणि नियमांचा हट्टसुद्धा आहे. आपला गुरू शाकाहारी, ब्रह्मचारी, अमुक आखाड्याचा आणि तमुक वंशपरंपरेतलाच पाहिजे, हा हट्ट मला त्या शेवटच्यातच धरावासा वाटतो.

बाईंकडे मी पुष्कळ वर्षं गेले. कुंभक मिळाला, तोही सावकाश, आणि मिळाला तेव्हा त्याचं अप्रूप राहिलं नव्हतं. मग एक दिवस मी ध्यानाबद्दल काहीतरी विचारलं. डोळे मिटल्यावर काय होतं, मन कुठे अडतं, असलं. बाईंनी नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता येणार “आत्ता नको.” त्या म्हणाल्या, “हे मला येत नाही. प्राणायामापर्यंत मी. पुढे मी अजून चाचपडतेय, तुला काय सांगू?” आणि आतून विजेचं जुनं बिल आणून त्याच्या पाठीवर कल्याणच्या एका गृहस्थांचा पत्ता लिहून दिला. “यांच्याकडे जा. मीही जाते अधूनमधून. माझ्याकडे यायचं बंद केलंस तरी चालेल, फक्त सकाळचं बंद करू नकोस.”

एवढ्या वर्षांत स्वतःच्या तोंडाने ‘हे मला येत नाही’ म्हणणारा दुसरा योगशिक्षक मला भेटलेला नाही.

कल्याणचे ते गृहस्थ संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. रविवारी दुपारी पतंजलींची योगसूत्रं, त्यांवरच्या व्यासभाष्यासकट, आणि मग थोडा वेळ बसणं. मी गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “कशावर बसता?” मला वाटलं, आलंबन, म्हणजे मन कशावर टेकवते ते विचारतायत. मी श्वास, ॐकार, भ्रूमध्य असं काय काय सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. “तसं नव्हे हो. सतरंजी, चटई, घोंगडी? घडी किती जाडीची?” मग मला तिथेच बसायला लावलं आणि गुडघ्याखालून हात फिरवून बघितला. हात सहज आरपार गेला.

“गुडघा अधांतरी आहे. अर्ध्या तासाने कंबर बोलायला लागेल, आणि तुम्हाला वाटेल मनच चंचल आहे,” ते म्हणाले. “बैठकीखाली अजून एक घडी घाला. सूत्राचं पुढच्या रविवारी बघू.”